कुत्रा कोणाचा, यापेक्षा तो कोणाच्या ताब्यात होता?

सोसायटीतला पाळलेला कुत्रा कोणाला चावला, की तासाभरात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘आमचा असा नाहीच हो, तुम्हीच काहीतरी केलं असणार’ आणि ‘इंजेक्शनचे पैसे देतो, विषय वाढवू नका.’ पहिलं वाक्य पुराव्याशिवाय कोर्टात टिकत नाही. दुसऱ्यामुळे विषय संपेलच असं नाही, कारण यातला एक गुन्हा दोन शेजाऱ्यांनी आपसात ठरवून मिटवता येत नाही. त्याबद्दल शेवटी.

प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं २९१. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर भारतीय दंड संहितेचं २८९ लागतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंडाची मर्यादा १,००० रुपये होती. कलमाची शब्दरचना नीट वाचण्यासारखी आहे. प्राणी ज्याच्या ‘ताब्यात’ आहे आणि त्याच्यापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्याइतकी खबरदारी ज्याने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तो दोषी.

त्यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, कलम मालक शोधत नाही, ताबा शोधतं. लायसन्स साहेबांच्या नावावर असलं तरी सकाळी फिरवायला नेणाऱ्या मुलाच्या हातात पट्टा असताना कुत्रा चावला, तर तो मुलगाही आरोपी होऊ शकतो. साहेबांनी दमदार रॉटवायलर कोवळ्या पोराच्या हाती सोपवला, तोंडाला जाळी न लावता, तर साहेबांचा निष्काळजीपणा वेगळा मोजला जातो. बोर्डिंगला ठेवलेल्या कुत्र्याचंही असंच. सोसायटीने रखवालीला म्हणून गेटवर बांधून ठेवलेला, सोसायटीच्या खर्चाने जगणारा कुत्रा असेल, तर ‘तो वॉचमनचा आहे’ म्हणून कमिटीला हात झटकता येत नाहीत.

दुसरी गोष्ट, चावा पडलाच पाहिजे असं हे कलम म्हणत नाही. धोका संभाव्य होता आणि खबरदारी घेतली नाही, एवढ्यानेही ते लागू शकतं. अंगावर धावून जाणाऱ्या मोकळ्या कुत्र्याची तक्रार चावण्याआधीही करता येते, ती याच जोरावर.

तिसरी गोष्ट बचाव पक्षाच्या कामाची. धोका जिवाचा किंवा ‘जबर’ दुखापतीचा असावा लागतो. पोमेरेनियनने पोटरीला ओरखडा काढला, तर २९१ लावणं अवघड जातं. जर्मन शेफर्डने तेच केलं तर तो युक्तिवाद चालत नाही. म्हणून कुत्र्याची जात, आकार, वजन आणि आधी कोणाला चावला होता का, हे फिर्यादीत आलंच पाहिजे. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तोच कुत्रा चावला होता आणि त्यांनी सेक्रेटरींना ई-मेल केली होती, तर ती ई-मेल सोन्यासारखी. मालकाला धोका माहीत होता, हे तीच सांगते.

२९१ एकटं क्वचितच येतं. निष्काळजीपणामुळे प्रत्यक्ष दुखापत झाली तर कलम १२५ जोडलं जातं. साधी दुखापत असेल तर १२५(अ), सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जबर दुखापत असेल तर १२५(ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुद्दाम ‘छू’ करून कुत्रा अंगावर सोडला तर प्रकरण निष्काळजीपणाचं राहतच नाही. कलम ११८ मध्ये धोकादायक साधनांच्या यादीत सुरा, आग, विष यांच्यासोबत ‘प्राणी’ हा शब्दही आहे. मृत्यू झाला, मग तो जखमांनी असो वा नंतर रेबीजने, तर १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

साधी की जबर, यावर शिक्षा सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर जाते. तरी याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. जबर दुखापत कोणती ते कलम ११६ मध्ये मोजून दिलंय. हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना असणं किंवा नेहमीचे व्यवहार न करता येणं, हे सगळं त्यात येतं. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. लहान मुलांना कुत्रा बऱ्याचदा चेहऱ्यावर चावतो, कारण त्यांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. गालावर टाके पडले, व्रण राहणार असं डॉक्टर तोंडी सांगतात आणि सर्टिफिकेटवर मात्र ‘साधी जखम’ लिहितात. तिथेच केस हलकी होते. महिन्याभराने प्लास्टिक सर्जनकडून व्रण कायमचा आहे की नाही याचं लेखी मत घ्या, फोटो काढा, आणि ते तपास अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्या. हाताला चावा असेल आणि काम पंधरा दिवसांहून जास्त बंद पडलं असेल, तर तसं सर्टिफिकेट आणि ऑफिसचा रजेचा कागद दोन्ही हवेत.

आता पहिल्या तीन दिवसांबद्दल. जबाबदारी कायद्याने ठरते खरी, पण ती सिद्ध होते ती या तीन दिवसांतल्या कागदांवर.

आधी जखम. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. नुसतं खरचटलं आणि रक्त आलं नाही तर रेबीजच्या धोक्याची दुसरी श्रेणी. कातडी फाटून रक्त आलं, किंवा उघड्या जखमेला लाळ लागली, तर तिसरी. तिसऱ्या श्रेणीत लसीसोबत जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टोचावं लागतं. मानवी रक्तापासूनचं असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर किलोमागे ४०. तेवढा साठा जवळच्या दवाखान्यात नसतो, आणि ‘लस दिली, झालं’ म्हणून माणसाला घरी पाठवलं जातं. पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत ते देता येतं, म्हणून त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. लसीचे दिवस कातडीतल्या पद्धतीने ०, ३, ७, २८ आणि स्नायूतल्या पद्धतीने ०, ३, ७, १४, २८. स्नायूतली लस दंडावर, ढुंगणावर नाही. तारखा चुकवू नका. आरोग्य तर आहेच, शिवाय ‘यांनी स्वतःच उपचार अर्धवट सोडले’ हे समोरच्या वकिलाला आयतं मिळतं.

आणि केस पेपर. कॅज्युअल्टीत गर्दी असते, नोंद करणारा सवयीने ‘भटका कुत्रा चावला’ असं लिहून मोकळा होतो. तेवढ्या दोन शब्दांवर पाळीव कुत्र्याविरुद्धची केस पुढे लंगडते, कारण घटनेनंतरची पहिली नोंद तीच असते. सांगताना स्पष्ट सांगा की कुत्रा पाळीव आहे, कोणत्या इमारतीतला, कोणत्या फ्लॅटमधला, किती वाजता, कुठे, पट्टा होता की नव्हता. लिहिलेलं वाचून घ्या. जखम गंभीर असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरण, अशी नोंद करायला सांगा. म्हणजे रुग्णालयच पोलिसांना कळवतं. बिलांवर रुग्णाचं नाव आणि तारीख असू द्या. मेडिकलच्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा कोणी मानत नाही.

जखमेचे फोटो धुण्याआधी एक, धुतल्यानंतर एक, मग दर दोन दिवसांनी. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून काढले तर आकार कळतो. फाटलेले कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा.

सीसीटीव्हीचं फूटेज ही वेळेशी शर्यत असते. सोसायट्यांमधले डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी यंत्रं) काही दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसतात. कुठे आठवडा, कुठे महिना. त्याच संध्याकाळी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, अमुक तारखेचं, अमुक कॅमेऱ्याचं, या वेळेतलं रेकॉर्डिंग जपून ठेवा म्हणून. पोच घ्या. मोबाइलने टीव्हीच्या पडद्याचं केलेलं शूटिंग नसल्यापेक्षा बरं, पण कोर्टात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात. एकावर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा. डीव्हीआर पोलिसांनी पंचनामा करून घेतला तर हे सोपं होतं.

कुत्रा दहा दिवस डोळ्यासमोर राहायला हवा. दहा दिवस ठणठणीत राहिला, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं धरलं जातं. लस मात्र त्यासाठी थांबवायची नसते. अडचण अशी की, मालक घाबरून कुत्रा गावी पाठवून देतात. म्हणून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर दोन ओळी लिहा की लसीकरणाचं कार्ड दाखवा आणि कुत्रा दहा दिवस इथेच ठेवा. उत्तर आलं तरी पुरावा, नाही आलं तरी पुरावा.

पोलीस ठाण्यात बहुतेकांना एनसी देऊन वाटेला लावलं जातं. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, आणि त्यावर कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. २९१ आणि १२५ हे दोन्ही दखलपात्र आहेत, म्हणून एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. ठाणे अंमलदाराशी वाद घालत बसू नका. तक्रार लेखी द्या, त्यात कलमांचा उल्लेख करा आणि पोच घ्या. नोंदवली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे अर्ज पोस्टाने पाठवता येतो. आयुक्तालयाच्या हद्दीत तो परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे जातो. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हे गुन्हे जामीनपात्र आहेत, त्यामुळे मालक आत जाईल या अपेक्षेने जाऊ नका. आणि सहा महिन्यांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला एका वर्षाची मुदत असते. समेटाच्या बैठकांमध्ये वर्ष निघून गेलं की कोर्ट त्याची दखल घेत नाही.

शिक्षा होते का? होते, पण वाट पाहावी लागते. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका ज्येष्ठ नागरिकाला रॉटवायलर चावला होता. मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली गेली ती २०२३ मध्ये. वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये हस्की चावला, त्या प्रकरणात २०२५ मध्ये चार महिने. दोन्हीकडे कुत्र्याला फाशी द्या वगैरे काही नव्हतं, प्रश्न फक्त माणसाच्या वागण्याचा होता.

पैसे हवे असतील तर वाट वेगळी. फौजदारी कोर्ट शिक्षेसोबत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली भरपाई देऊ शकतं, पण ती निकालाच्या वेळी, म्हणजे वरची वर्षं मोजून. दिवाणी दावा स्वतंत्रपणे करता येतो, आणि फौजदारी निकालाची वाट बघायची गरज नसते. मुदत तीन वर्षं. आपल्याकडे कुत्रा चावण्याच्या भरपाईचा वेगळा कायदा नाही. इंग्लंडमध्ये १९७१ चा प्राण्यांविषयीचा कायदा आहे, तसा इथे नाही. इथे निष्काळजीपणाचं सामान्य तत्त्व चालतं. मालकाने काय करायला हवं होतं, काय केलं नाही, आणि त्यामुळे काय झालं, हे तिन्ही दाखवायचं.

दाव्यात रक्कम एकगठ्ठा लिहू नका. उपचार आणि औषधं, पुढच्या शस्त्रक्रियेचं सर्जनने दिलेलं अंदाजपत्रक, बुडालेला पगार, प्रवास, सोबत थांबलेल्या माणसाची रजा, वेदना, आणि चेहरा विद्रूप झाला असेल तर त्याचे वेगळे. ‘मानसिक त्रासाबद्दल पन्नास लाख’ असली नोटीस पाठवून काही साधत नाही, कोर्ट फी मात्र वाढते. बायका आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे फारसं कोणी वापरत नाही.

समोरून बचाव येतो तो बहुधा दोन प्रकारचा. एक, कुत्र्याला डिवचलं. दुसरा, तुम्ही परवानगीशिवाय आत शिरलात. दोन्हीने भरपाई कमी होऊ शकते, कधी पूर्ण जाऊही शकते. पण दारावरची बेल वाजवणारा कुरिअरवाला, मीटर रीडिंगला आलेला माणूस, जेवण घेऊन आलेला मुलगा हे घुसखोर नाहीत. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावधान’ अशी पाटी लावली म्हणजे सुटलो, हा समज तर घातक आहे. पाटी उलट हेच सांगते की कुत्रा चावरा आहे हे घरच्यांना माहीत होतं. आणि पाच वर्षांच्या मुलाने शेपटी ओढली, हा मोठ्या माणसाने डिवचल्यासारखा बचाव होत नाही.

भटक्या कुत्र्यांचं गणित वेगळं, आणि जास्त किचकट. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव जनावराचं लसीकरण आणि नसबंदी मालकाकडे, रस्त्यावरच्यांचं स्थानिक स्वराज्य संस्थेकडे. म्हणजे जबाबदारी महापालिकेची किंवा नगरपरिषदेची. पण ‘कुत्रा चावला, महापालिका दोषी’ एवढ्यावर भागत नाही. त्यांनी करायचं काम केलं नाही, हे दाखवावं लागतं. त्यासाठी माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो. आपल्या प्रभागात गेल्या दोन वर्षांत किती कुत्र्यांची नसबंदी झाली, किती लसी दिल्या, या गल्लीबद्दल किती तक्रारी आल्या आणि प्रत्येकीवर काय केलं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आधी केलेल्या तक्रारीचा क्रमांक, मुंबईत १९१६ या हेल्पलाइनवर नोंदवलेली असो वा दुसऱ्या शहरात अॅपवरून, हाच या केसचा कणा.

इथे मुदतीचा सापळा आहे. महापालिकेविरुद्ध दावा करायचा तर मुंबईत १८८८ च्या अधिनियमाचं कलम ५२७ आणि इतर महापालिकांमध्ये १९४९ च्या अधिनियमाचं कलम ४८७ बघावं लागतं. एक महिन्याची लेखी नोटीस आणि सहा महिन्यांत दावा. तुमच्या प्रकरणाला ते लागू आहे की नाही यावर वकील भांडत बसतील, तुम्ही मात्र तीन वर्षांच्या भरवशावर राहू नका.

दुसरा मार्ग उच्च न्यायालयात रिट याचिकेचा. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये चक्क मोजमापच ठरवून दिलं. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये, आणि मांस सुटलं असेल तर दर ०.२ सेंटीमीटर जखमेमागे किमान २०,०००. पैसे आधी राज्याने द्यायचे, मग कसूर करणाऱ्या यंत्रणेकडून किंवा व्यक्तीकडून वसूल करायचे. हा निकाल पंजाब, हरियाणा आणि चंडीगडपुरता आहे. ‘दातामागे दहा हजार मिळतात’ असे जे मेसेज महाराष्ट्रातल्या ग्रुपांवर फिरतात ते अर्धवट. मुंबई उच्च न्यायालयात तो निकाल दाखवता येतो, न्यायालयावर तो बंधनकारक नाही. तरी जखमेवर दाताच्या खुणा किती आणि लांबी-खोली किती, हे केस पेपरवर लिहून घ्यायला काय हरकत आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ मधल्या आदेशांनी चित्र थोडं बदललं. २२ ऑगस्टच्या आदेशाप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा, पण रेबीज झालेला किंवा आक्रमक कुत्रा सोडायचा नाही. खायला घालायचं ते महापालिकेने ठरवलेल्या जागीच, रस्त्यावर कुठेही नाही. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवायची आणि परत तिथे सोडायची नाहीत असं ठरलं. म्हणून शाळेच्या पटांगणात किंवा एसटी स्टँडवर चावा झाला असेल, तर नोटीस महापालिकेसोबत त्या संस्थेलाही जायला हवी. तिथे कुत्रा असायलाच नको होता, हा मुद्दा आता तयार आहे.

रोज पोळी घालणाऱ्या आजी जबाबदार का? नुसतं खायला घातल्याने ताबा सिद्ध होत नाही. पण गळ्यात पट्टा बांधलाय, रात्री जिन्यात झोपायला घेतात, दवाखान्यात आपल्या नावाने कार्ड काढलंय, पकडायला गाडी आली की आड येतात, असं सगळं जमलं तर ताब्याचा युक्तिवाद उभा राहतो. आणि राग कितीही आला तरी कुत्र्याला विष घालणं किंवा मारणं हा न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. म्हणजे २९१ च्या दहापट. फिर्यादी आरोपी व्हायला एक दिवस पुरतो.

कुत्रा ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. महापालिकेचं लायसन्स आणि रेबीजचं चालू कार्ड फोनमध्ये ठेवा. लिफ्टमध्ये आणि जिन्यात पट्टा आखूड धरा. ओढला की लांब होणारा आणि आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा तिथे कामाचा नाही. लिफ्टमध्ये मूल असेल तर पुढची लिफ्ट घ्या. सोसायटी कुत्रा पाळायला बंदी करू शकत नाही, पण याचा अर्थ कॉमन एरियात तो मोकळा सोडायची मुभा आहे असा नाही. पेट इन्शुरन्स घेताना ‘थर्ड पार्टी लायबिलिटी’ (दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई) आहे का आणि किती रकमेपर्यंत, एवढं आधी बघा. पॉलिसी असेल तर चावल्यावर कंपनीला कळवण्याआधी चूक कबूल करणारं काही लिहून देऊ नका. माणसाला दवाखान्यात नेणं आणि बिल भरणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, ते जरूर करा.

आणि समेट करायचाच असेल तर तो कागदावर. कोणत्या तारखेच्या घटनेबद्दल, किती रक्कम, बँकेतून कधी दिली, पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च यात धरलाय की नाही, हे स्पष्ट लिहा. रोख देऊन ‘मिटलं’ म्हणणाऱ्यांची दोन वर्षांनी पंचाईत होते, कारण व्रणावरचा खर्च तेव्हा येतो. मूल जखमी असेल आणि दावा कोर्टात असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय पालकाने केलेला समेट टिकत नाही. एफआयआर झाला असेल तर १२५ पुरतं प्रकरण जखमी माणूस कोर्टाच्या परवानगीने मिटवू शकतो. २९१ तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही, म्हणून दोन्ही बाजूंची संमती घेऊनही उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. त्या वकिलाची फी कोण भरणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.